आईचा पगार किती धरलाय?

धंदा वर्गात बसून शिकता येतो का? धाकट्या भावाच्या पोळी-भाजी केंद्रापायी मीही बारा संध्याकाळी बाकावर जाऊन बसले. तिथे जे कळलं, ते नोकरी करणाऱ्यांनाही कामाचं आहे!

दर सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणीतरी हे वाक्य म्हणतंच, ‘छे यार, आता स्वतःचं काहीतरी सुरू करायला हवं!’ तळमजल्यावर सुरू झालेल्या या चर्चेत चौथ्या मजल्यापर्यंत कॅफेचं नाव ठरतं, सातव्यापर्यंत लोगोचा रंग. मग नववा मजला येतो, दार उघडतं, कार्ड स्वाइप होतं आणि कॅफे बंद पडतो. पुढच्या सोमवारी पुन्हा उद्घाटन!

मीही त्या कॅफेची भागीदार आहे. गेली चार वर्षं.

पण दीड वर्षापूर्वी आमच्या घरात हे वाक्य कुणीतरी खरंच मनावर घेतलं. माझ्या धाकट्या भावाने. बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं तो सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसला होता. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत दोनदा अडकला आणि एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाला, ‘‘ताई, मी पोळी-भाजी केंद्र काढतोय. सहा लाख लागतील.’’

बाबांनी पेपर खाली ठेवला. आईने गॅस बारीक केला.

सहा लाखांचा हिशेब त्याच्याकडे तयार होता. तीन बाबांच्या एफडीतून, तीन माझ्याकडून. बाबांचे तीन म्हणजे रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतला मोठा वाटा. माझे तीन म्हणजे फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले. ‘देत नाही’ म्हणावं, तर तीन वर्षांनी पहिल्यांदा पोरगा स्वतःहून काहीतरी करायचं म्हणत होता. ‘देते’ म्हणावं, तर पोटात गोळा!

मी मधला रस्ता काढला. म्हटलं, ‘‘आधी उद्योजकतेचा एखादा कोर्स कर. मग बघू.’’

‘‘धंदा काय वर्गात शिकतात? धीरूभाई कुठल्या कॉलेजात गेले होते?’’

धीरूभाईंनीही धंद्याआधी एडनमध्ये नोकरी केली होती, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मी नुसतीच हटून बसले. शेवटी तो म्हणाला, ‘‘ठीक आहे. पण मग तूही चल. पैसे तुझेही आहेत ना?’’

अशा तऱ्हेने मी संध्याकाळी सात ते नऊच्या बॅचला नाव घातलं.

खुंटी आणि तीन रिंगा

पहिल्या दिवशी वर्गात आम्ही बावीस जण. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दहा वर्षं काढलेला एक फिटर, घरातच पार्लर चालवणाऱ्या एक काकू, आयटीला वैतागलेले दोघं मित्र, नुकतीच डिप्लोमा झालेली एक मुलगी, गावाकडे दुधाचा धंदा असलेला एक जण. मला वाटलं, आता प्रोजेक्टर लागणार आणि ‘स्वप्नं बघा, झोकून द्या’ छाप भाषण होणार.

तसलं काही झालं नाही. सरांनी जमिनीवर एक लाकडी खुंटी ठेवली आणि खडूने फूट-फूट अंतरावर दहा रेघा मारल्या. प्रत्येकाला तीन रिंगा. कुठल्या रेघेवर उभं राहायचं ते तुम्ही ठरवा. जितकं लांब, तितके जास्त गुण. रिंग टाकण्याआधी मोठ्याने सांगायचं, तीनपैकी किती पडतील!

आमचे बंधुराज थेट दहाव्या रेघेवर. ‘‘तीन!’’ एकही पडली नाही. वर्गात हशा.

मी दुसऱ्या रेघेवर उभी राहिले. ‘‘तीन!’’ तिन्ही पडल्या. गुण इतके कमी, की टाळ्याही वाजल्या नाहीत.

पार्लरवाल्या काकू पाचव्या रेघेवर गेल्या. ‘‘दोन पडतील,’’ म्हणाल्या. पहिली चुकली. मग त्या एक पाऊल पुढे सरकल्या. ‘‘चालतं ना सर?’’ सर म्हणाले, ‘‘मी कुठे नाही म्हटलंय?’’ उरलेल्या दोन्ही पडल्या.

सरांनी भावाला एकच प्रश्न विचारला, ‘‘पहिली रिंग चुकल्यावर तुम्ही काय केलंत?’’

‘‘दुसरी टाकली.’’

‘‘कुठून?’’

‘‘तिथूनच.’’

सर काही बोलले नाहीत, नुसते हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आणि मॅडम, तुम्हाला तीन पडणार हे आधीच माहीत होतं. मग खेळलात कशाला?’’

आता हसायची पाळी भावाची होती.

काकीनाडाची गोष्ट

हा खेळ कुणा मोटिव्हेशनल गुरूने शोधलेला नाही. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी तो अभ्यासासाठी वापरला होता. काहीतरी करून दाखवायची ओढ ज्यांच्यात जास्त असते, ती माणसं फार जवळूनही टाकत नाहीत आणि फार लांबूनही नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. ती मधलं अंतर निवडतात. जिथून जमेल की नाही याची खात्री नसते, पण आपल्या कौशल्याने फरक पडू शकतो, असं अंतर. जुगारी सर्वांत लांबून टाकतो, कारण पडली तर नशीब आणि नाही पडली तरी नशीबच!

गंमत म्हणजे या विचाराची मोठी परीक्षा झाली ती आपल्याच देशात. १९६४ साली आंध्रातल्या काकीनाडा या बंदराच्या गावातले बावन्न व्यापारी-उद्योजक निवडले गेले. हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत त्यांना काही दिवसांचं निवासी प्रशिक्षण दिलं. असे खेळ, स्वतःचं ध्येय ठरवणं, ते मोजणं, एकमेकांना जाब विचारणं, असा सगळा मामला. पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत या मंडळींनी जास्त नवे उद्योग सुरू केले, जास्त पैसा गुंतवला आणि जास्त माणसं कामावर घेतली. १९६९ साली मॅक्लेलँड आणि डेव्हिड विंटर यांनी हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं.

‘धंदा रक्तातच असावा लागतो’ हे आपण किती सहज म्हणून टाकतो! त्या वाक्याला पहिला मोठा धक्का बसला तो इथे.

त्यानंतर १९७० साली गुजरातमध्ये सरकारी महामंडळांनी उद्योजकता विकासाचे वर्ग सुरू केले. १९८३ साली अहमदाबादजवळ या विषयाची राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात १९८८ साली ‘महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र’ आलं, म्हणजे एमसीईडी. मुख्यालय औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. थोडक्यात काय, तर आपण ज्याला ‘स्टार्टअप कल्चर’ म्हणतो, ते बाजारात यायच्या कितीतरी आधी या वर्गांतून माणसं तयार होत होती. फक्त त्यांच्या टी-शर्टवर काही लिहिलेलं नव्हतं, इतकंच!

पोळी दहा रुपयाला, मग नफा किती?

पाचव्या दिवशी प्रत्येकाने आपला हिशेब फळ्यावर मांडायचा होता. भाऊ उत्साहात उठला. भाजी-आमटी बाजूला ठेवून फक्त पोळीचं गणित त्याने मांडलं. पीठ, तेल, गॅस मिळून पोळीला खर्च अडीच रुपये. विक्री दहा रुपयांना. नफा साडेसात. रोज पाचशे पोळ्या म्हणजे ३,७५० रुपये. महिन्याचे १,१२,५००!

वर्गात शिट्टी वाजली. माझ्या पगाराच्या वर! मीही क्षणभर हिशेब करायला लागले, की तीन लाख किती महिन्यांत परत येतील.

सरांनी विचारलं, ‘‘पोळ्या कोण लाटणार?’’

‘‘आई.’’

‘‘पाचशे?’’

‘‘हो, म्हणजे… तिला सवय आहे.’’

‘‘आईचा पगार किती धरलाय?’’

भाऊ खडू हातात धरून नुसता उभा राहिला. मला एकदम आईचे हात दिसले. सत्तावन्न वर्षांची आहे ती. सकाळच्या बारा पोळ्या झाल्या तरी मनगट दाबत बसते. आम्ही दोघांनी तिला विचारलंच नव्हतं. सहा लाखांची चर्चा झाली होती, तिची नाही.

मग सरांनी फळ्यावर नवा हिशेब मांडला. हा मी माझ्या वहीत उतरवून घेतलाय, आणि धंदा कुठलाही असो, असाच मांडून बघावा, असं माझं मत आहे.

पोळीची विक्री दहा रुपये. पीठ-तेल-गॅस अडीच. लाटणाऱ्या मावशींना पोळीमागे अडीच. कागद-पिशवी पन्नास पैसे. उरले साडेचार. साडेसात नाही, साडेचार!

आता महिन्याचे ठरलेले खर्च. गाळ्याचं भाडं २२ हजार, वीज आणि किरकोळ ३ हजार. झाले २५ हजार. पोळीमागे साडेचार रुपये उरत असतील, तर नुसतं भाडं-वीज भागवायला महिन्याला ५,५५६ पोळ्या खपायला हव्यात. महिन्यातले पंचवीस दिवस धरले, तर रोज २२२. ही झाली ना-नफा-ना-तोटा रेघ. इथे तुमच्या हातात शून्य.

‘‘तुम्ही स्वतः फुकट राबणार का?’’ सरांनी विचारलं. भावाने स्वतःला पंधरा हजार लावले. आकडा गेला रोज ३५६ पोळ्यांवर. कर्ज घेतलं आणि हप्ता साडेसहा हजार धरला, की रोज ४१३.

पाचशेमध्ये लाख रुपये कमावणारा माझा भाऊ दहा मिनिटांत चारशे तेरा पोळ्या लाटून कसाबसा उभा होता. घरी येताना बसमध्ये तो काहीच बोलला नाही. स्वारगेट गेल्यावर फक्त म्हणाला, ‘‘ताई, आईला सांगू नकोस.’’

सहा ते नऊ, वही-पेन घेऊन

हिशेबाने खच्ची झालेल्यांना सरांनी दुसऱ्या दिवशी ‘होमवर्क’ दिला. ज्या गल्लीत दुकान काढायचं, तिथे सलग चार संध्याकाळी सहा ते नऊ उभं राहायचं. कोण जातं, काय विकत घेतं, किती वाजता घेतं, ते वहीत लिहायचं. आणि निदान वीस जणांशी बोलायचं. मात्र ‘मी पोळ्या विकल्या तर घ्याल का?’ असं विचारायचं नाही. कारण त्याला सगळे ‘हो’ म्हणतात! विचारायचं, ‘काल रात्री काय जेवलात? कुठून आणलंत? किती दिलेत?’

हा प्रश्न मला इतका आवडला, की मी तो पुढे ऑफिसच्या एका क्लायंटवरही वापरला. चालतो!

भावाचा सगळा प्लॅन गल्लीतल्या पीजीत राहणाऱ्या पोरांवर उभा होता. वहीतून निघालं भलतंच. पोरांची मेस ठरलेली होती, मेसला सुट्टी असेल त्या रात्री बिर्याणी. शनिवार-रविवार निम्मी पोरं गावाला. पोळी विकत घेणारे वेगळेच होते. साडेसात ते साडेआठच्या दरम्यान ऑफिसातून परतणारी जोडपी. भाजी घरी करतात, पोळ्या मात्र बाहेरून. म्हणजे, तुमच्या-माझ्यासारखेच! आणि वीसपैकी सात जणांनी न विचारता एकच गोष्ट सांगितली : घरात सासू-सासरे किंवा आई-वडील आहेत, त्यांना रात्री ज्वारीची भाकरी लागते आणि ती चांगली कुठे मिळत नाही.

भाकरी! हा शब्द सहा लाखांच्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हता.

शिकायचं ते गिऱ्हाइकासमोर, हा विचार आपल्याकडे जुना आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून! तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया शिकतात ती प्रत्यक्ष काम करून, आणि गावातल्या लोकांना सेवा पुरवून. कामाचे पैसे मोजणारा गिऱ्हाईक समोर आला, की दरवाजा नीट बसला नाही हे मास्तरांना सांगावं लागत नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये २०२१ साली अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी दोन हजार रुपये बीजभांडवल देऊन छोटे धंदे करून पाहायला लावले होते. रक्कम लहान. पण दोन हजार रुपये बुडवून जे कळतं, ते बावीसाव्या वर्षी वडिलांचे तीन लाख बुडवून कळण्यापेक्षा कधीही बरं!

शून्य ते एक

आता जरा मोठ्या आकड्यांकडे वळते, कारण मला सर्वांत जास्त चटका लावला तो याच आकड्याने.

देशात सहावी आर्थिक गणना २०१३-१४ मध्ये झाली. शेतीची लागवड वगैरे सोडून जेवढी दुकानं, कारखाने, वर्कशॉप, सेवा देणारे व्यवसाय, तेवढे सगळे मोजले. भरले ५ कोटी ८५ लाख. त्यात काम करणारी माणसं १३ कोटी १३ लाख. म्हणजे एका उद्योगात सरासरी सव्वादोन माणसं! आणि या उद्योगांपैकी जवळजवळ ७२ टक्के असे, की त्यांच्याकडे पगारावर ठेवलेला एकही माणूस नाही. मालक स्वतः आणि घरची मंडळी, बस्स.

हे वाचल्यावर ‘रोजगारनिर्मिती’ हा भाषणातला शब्द मला वेगळाच दिसायला लागला. आपण म्हणतो, तरुणांनी नोकऱ्या मागू नयेत, द्याव्यात. छान! पण चारांतले जवळजवळ तीन धंदे एकाही माणसाला पगार देत नाहीत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात आमच्या आईसारखी, हिशेबात न धरलेली बाई राबत असणार. म्हणजे खरा प्रश्न ‘धंदा सुरू करणारे किती’ हा नाहीच. शून्यावरून एकावर जाणारे किती, हा आहे. पहिला माणूस कामावर ठेवणं, हेच ते अंतर. रिंग टाकायचं अंतर!

आणि ते अंतर लहान नाही. मावशींना महिन्याच्या एक तारखेला पैसे द्यायचे, म्हणजे विक्री झाली तरी आणि नाही झाली तरी द्यायचे. त्यासाठी तुमच्या हिशेबात त्यांचा पगार पहिल्या दिवसापासून असायला हवा. तो नसेल, तर धंदा वाढतो तसं घरातलंच माणूस जास्त राबतं. दमतं. मग एक दिवस शटर खाली.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जत पापडाची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि ऐंशी रुपयांवर येऊन थांबतो. मला आता त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. तिथे लाटणाऱ्या हातांची मजुरी हिशेबात होती. म्हणूनच सातांच्या पुढे चाळीस हजारांहून जास्त बायका त्यात येऊ शकल्या. लाटणारीच फुकट असती, तर गोष्ट सातवर संपली असती.

उद्योजकतेच्या शिक्षणाचा फायदा मला विचाराल, तर तो हा. ‘पॅशन’ वगैरे शिकवता येत असेल की नाही, मला माहीत नाही. पण आईचा पगार धरायला नक्की शिकवता येतं.

एक तारीख

वर्ग संपल्यावर भावाने सहा लाखांचा प्लॅन स्वतःच्या हाताने फाडला नाही वगैरे. सिनेमा नाही हा! तो आठवडाभर चिडचिडत होता. मग एका रात्री माझ्या खोलीत येऊन म्हणाला, ‘‘ताई, दहाव्या रेघेवरून पाचव्यावर येतोय. साठ हजार देशील?’’

गाळा नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचं जोशीकाकूंच्या मागचं रिकामं स्वयंपाकघर थोड्या भाड्याने. एक मोठा तवा, दोन शेगड्या, परात, वजनकाटा. अन्नपदार्थ विकायचे म्हणून एफएसएसएआयची नोंदणी. उद्योजक म्हणून ‘उद्यम’ नोंदणी, जी ऑनलाइन आणि मोफत होते. आसपासच्या दोन सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मेन्यूत दोनच गोष्टी : पोळी आणि ज्वारीची भाकरी. ऑर्डर दुपारी चारपर्यंत, डिलिव्हरी साडेसात ते साडेआठ. स्कूटरवर तो स्वतः.

आणि पहिल्या दिवसापासून एक मावशी. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, धुण्याभांड्याची दोन कामं नुकतीच सुटलेल्या. आई फक्त चव बघायला.

पहिल्या दिवशी अकरा ऑर्डर आल्या. पहिल्या महिन्याच्या शेवटी मावशींचे पैसे देऊन भावाच्या हातात उरले चार हजार. दुसऱ्या महिन्यात पावसाने आणि गणपतीने मिळून वाट लावली. लोक गावाला, नाहीतर उकडीच्या मोदकांच्या मागे. पोळी कुणाला हवी? तीस तारखेला त्याच्याकडे मावशींना द्यायला दोन हजार कमी होते. माझ्याकडे मागेल असं वाटलं होतं. त्याने मागितले नाहीत. कॉलेजच्या वेळची गिटार विकली आणि एक तारखेला सकाळी पाकीट मावशींच्या हातात ठेवलं.

‘‘दादा, राहू द्या की पुढच्या महिन्यात,’’ मावशी म्हणाल्या.

‘‘नाही मावशी. एक तारीख म्हणजे एक तारीख.’’

त्या दिवशी ऑफिसात माझ्या मोबाइलवर पगार जमा झाल्याचा मेसेज आला. ‘क्रेडिटेड’. गेली सात वर्षं तो येतो आणि मी तो न वाचता पुसते. त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आलं, हा मेसेज मला यावा म्हणून कुणीतरी, कुठेतरी, तीस तारखेला हिशेब करत बसलेलं असतं.

आज चौदा महिने झाले. भाऊ रोज पोळ्या-भाकऱ्या मिळून दोनशे ऐंशीच्या आसपास विकतो. मावशी आता दोन आहेत आणि संध्याकाळी स्कूटरवर एक कॉलेजचा मुलगा. म्हणजे तीन जणांना पैसे देऊन याच्या हातात उरतात ते माझ्या पगाराच्या निम्म्याहून कमी. लग्नाच्या बाजारात अजूनही ‘मुलगा काय करतो?’ म्हटलं, की आई दोन सेकंद थांबते. कर्जासाठी बँकेत अर्ज करायचा की नाही, यावर रोज जेवताना वाद होतो. बाबांची एफडी मात्र जागच्या जागी आहे. आणि शून्यावरून तीनवर गेलेला एक माणूस आमच्या घरात आहे.

आणि मी? मी नोकरी सोडलेली नाही. वर्गाच्या शेवटच्या दिवशी सरांनी पुन्हा खुंटी मांडली होती. मी चौथ्या रेघेवर उभी राहिले, ‘‘एक पडेल’’ म्हटलं आणि एकच पडली! त्यातून मला इतकंच कळलं, की आज तरी माझं अंतर तेवढंच आहे. रविवारी सकाळी भावाच्या हिशेबाची वही मी बघते. फुकट नाही हं. माझाही पगार धरायला लावलाय : दर रविवारी सहा गरम भाकऱ्या!

सोमवारी लिफ्टमध्ये पुन्हा कॅफेची चर्चा निघाली. मी विचारलं, ‘‘भांडी कोण घासणार? त्याचा पगार किती धरलाय?’’

नवव्या मजल्यापर्यंत कुणीच काही बोललं नाही.

जॉबला रामराम ठोकण्याआधी…

हिशेब : घरातलं जे जे माणूस राबणार, त्याचा पगार खर्चात धरा. स्वतःचाही. मग रोज किती माल खपायला हवा, तो आकडा काढा.

गिऱ्हाईक : ‘घ्याल का?’ विचारू नका. ‘काल काय घेतलंत, कितीला?’ हे विचारा. निदान वीस जणांना.

प्रशिक्षण : एमसीईडीची कार्यालयं महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गावाकडच्या भावंडांसाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तिथलं प्रशिक्षण मोफत आणि निवासी असतं.

कर्ज : केंद्राची ‘पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजना’ २००८ साली आली. २०२२च्या सुधारित नियमांत प्रकल्पाची कमाल मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवांसाठी २० लाख ठरली. शहरात सर्वसाधारण गटाला अनुदान १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचे पैसे सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि विशेष गटाला ५ टक्के घालावे लागतात. राज्याची ‘मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती’ योजना २०१९ची. अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताजे नियम विचारा.

अनुदान : अनुदानाची रक्कम लगेच हातात पडत नाही. ती बँकेत तीन वर्षं राखून ठेवतात आणि धंदा चालू असल्याची खात्री पटल्यावर कर्जखात्यात वळती होते. तेव्हा अनुदानाकडे बघून धंदा काढू नका, धंद्याकडे बघून अनुदान घ्या!

अंतर : पहिली रिंग चुकली, तर एक पाऊल पुढे सरका. कुणीही नाही म्हटलेलं नाही.